दोन्ही कोपरं सारखी

आमच्या सान पेद्रो गावात नेरेइदा पेगेरोचं नाव काढलं की आया अजूनही छातीवर क्रूस काढतात. बेसबॉलच्या अकादमीत पोरांना संघात घेण्याआधी ती त्यांची कोपरं मोजते. हात यंत्राच्या पट्ट्यांत अडकवला की यंत्र कोपर बाहेरच्या बाजूला ढकलतं आणि आतलं लिगामेंट, म्हणजे सांध्याची हाडं धरून ठेवणारी दोरी, किती मिलिमीटर सैल पडलं ते सांगतं. मग दुसरा हात. दोन्हींत दोनहून जास्त फरक निघाला की पोरगा घरी. अकरा वर्षांत तिनं कुणाला झुकतं माप दिलं नाही. पाद्रीबाबांच्या पुतण्यालाही परत पाठवलं. नाकानं कांदे सोलते, असं लोक म्हणत. मी मात्र तिची बाजू घ्यायचो, ते आता आठवलं की माझाच मला राग येतो.

मग तिच्या धाकट्या बहिणीचा, मिलेदिसचा, मुलगा ओदालिस तपासणीला आला. उजव्या हातानं चेंडू टाकणारा, सोळा वर्षांचा. त्याचं कोपर आठवडाभर ठणकत होतं. मिलेदिसनं ते लपवलं नाही.

"ताई, यंत्र सांगेल तेवढंच लिही. जास्त काही मागत नाही मी."

उजवं कोपर पाच मिलिमीटर उघडलं. डावंही पाच. फरक शून्य.

आमच्या गल्लीत पोरं पाण्याच्या जारची झाकणं फेकून झाडूच्या काठीनं खेळतात. ओदालिस लहानपणापासून दोन्ही हातांनी झाकणं फेकायचा आणि माझ्या दुकानासमोर उभी राहून नेरेइदाच त्याला टाळ्या वाजवायची. म्हणजे ज्या डाव्या हाताशी ताडून पाहायचं तोच आधीपासून झिजलेला. हे तिला त्या दिवशी आठवलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. तिनं 'पास' लिहिलं. रविवारी मिलेदिसनं बकरं शिजवून गल्लीला जेवू घातलं, मीही दोनदा वाढून घेतलं.

चौथ्या महिन्यात चेंडू टाकताना त्याच्या कोपरात कट्कन वाजलं. संघानं त्याला घरी पाठवलं.

नेरेइदा दुकानात कॉफी घ्यायला आली तेव्हा मला राहवलं नाही, ओदालिसच्या कोपराचं मी विचारलंच. ती खाली बघत म्हणाली, "यंत्र खोटं बोललं नाही, काका."

"यंत्राला कोण विचारतंय?" मी म्हणालो.

हल्ली पट्टे बांधण्याआधी ती प्रत्येकाला विचारते, लहानपणी झाकणं कुठल्या हातानं फेकायचास? सगळे एकच सांगतात, "उजव्याच, मावशी." हे उत्तर गल्लीतल्या पोरांकडून घोकवून घ्यायचं काम आता ओदालिस करतो.