बॉम्बरमध्ये धरलेली जागा

जगात जे जे म्हणून हलतं ते मुळात एसटीच असतं, फक्त काही ठिकाणी रंग वेगळा देतात, अशी प्रामाणिक समजूत असलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा मामा आहे. त्यांची सगळी हयात कंडक्टरकीत गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातून गाडी काही उतरत नाही. ऑटोत बसले की टपावर दोन थापा मारल्याशिवाय ऑटोवाल्याला निघू देत नाहीत. लग्नाच्या पंगतीत स्वतः बसायच्या आधी मागून पुढे एक फेरी मारतात आणि वाढप्यांच्या वाटेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना सांगतात, "सरका जी समोर, मधात नोका उभे राहू." एकदा आम्ही नागपूरला एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये चढलो. मामा दारातच उभे राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला "कुठी उतरनार?" असं विचारू लागले. लोक मुकाट्याने सांगत होते, एका बाईंनी तर पर्समध्ये सुटे पैसेही शोधले.

अशा माणसाच्या हातात बॉम्बर विमान देणं ही चूक त्यांच्या पुण्याच्या मुलाची. बाबांचा वेळ जावा म्हणून त्याने वाढदिवसाला एक भलंमोठं खोकं पाठवलं. आत दुसऱ्या महायुद्धातल्या चार इंजिनांच्या बॉम्बरचं मॉडेल होतं, तेही सुटं. प्लास्टिकच्या चौकटींना शेकडो भाग लटकलेले. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिकटवायचे. तयार झाल्यावर पंख दिवाणाच्या दोन्ही कडांबाहेर येतील एवढा त्याचा आकार. यवतमाळला लोहाऱ्याकडच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत एकच दिवाण आहे. त्या दिवशी तो विमानाच्या ताब्यात गेला आणि तेव्हापासून त्या घरी आलेला पाहुणा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. मामी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रिटायर झालेल्या मान्सानं गुपचूप पेपर वाचावं. हे काय इमानं बांधून राह्यले!" मामांनी ते ऐकलं नाही. ते चष्म्यावर चष्मा लावून एक चाक घासत होते.

विमानाचा आणि यवतमाळच्या मे महिन्याचा काहीतरी जुना दावा असावा. रंग लवकर वाळावा म्हणून मामांनी एक पंख गच्चीवर मामींच्या पापड-कुरड्यांच्या रांगेत नेऊन ठेवला आणि जेवून झोपले. उठून पाहतात तर पंखाने मान टाकलेली. मामी वाळवण गोळा करता करता म्हणाल्या, "पापड वाळले बाप्पा, पन इमान वाकलं." मग मामांनी तो गरम पाण्यात बुडवला, पोळपाटाखाली दाबला, पोळपाटावर वरवंटा ठेवला, आणि दोन दिवस त्या घरात पोळ्यांऐवजी भात झाला. पंख सरळ झाल्यावर हुकूम निघाला की इथून पुढे विमान कूलरसमोर राहील. आता आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा म्हणजे पाहुण्याचा पहिला मान. तो गेला, हेही लोकांनी सहन केलं असतं. पण ओल्या हवेने रंगावर डाग पडतात असं मामांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कूलरमध्ये पाणी भरणं बंद केलं. म्हणजे बाहेर जी लू होती तीच आता घरात, वर कूलरचा घरघराट. त्या खोलीत बसून मी आंब्याचं पन्हं पीत असे आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत ते कपाळावरून परत येत असे.

खरा घोळ झाला तो माणसांवरून. खोक्यात बोटाच्या दोन पेरांएवढी दहा माणसं होती. कोणी विमान चालवायचं, कोणी रेडिओपाशी बसायचं, कोणी बंदूक धरायची. मामांनी ती रंगवायला घेतली आणि त्यांच्या मनात आलं, अनोळखी लोक कशाला न्यायचे? घरचे एवढे असताना? झालं. यादवीला तेवढं पुरलं. ज्या घराण्यात लग्नातल्या आहेराच्या टोपीवरून माणसं दोन-दोन वर्षं रुसतात, त्या घराण्यात मामांनी बॉम्बरमधल्या जागा वाटायला काढल्या. पहिले रुसले ते त्यांचे व्याही, म्हणजे पुण्याच्या मुलाचे सासरे. ते दारव्ह्याहून मुद्दाम स्वतःला पाहायला आले. मामांनी त्यांना अगदी नाकाशी, काचेच्या घुमटात बसवलं होतं, पण तिथला माणूस पोटावर झोपून खाली नेम धरत असतो. व्याही म्हणाले, "मले पालथं काहून पाडलं जी?" मामा म्हणाले, "पुरी समोरची काच देली तुमाले, अजून काय पाह्यजे?" व्याह्यांनी चहाला हात लावला नाही.

मलाही वाटलं होतं, आपण जावई, आपल्याला काहीतरी बरं मिळेल. मिळाली शेपटी. सगळ्यात मागच्या टोकाला, उलट्या तोंडाने, एकटाच, मांडीवर दोन बंदुका घेऊन. माझा चेहराच बोलला असावा, कारण मामा हळूच म्हणाले, "लास्ट सीट हाय जवाई, पन खिडकी हाय." मामींना त्यांनी रेडिओच्या टेबलाशी बसवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तशीबी दिवसभर पुसदच्या बहिनीशी बोलतच असते." त्या इवल्याशा सैनिकाला त्यांनी हिरवं लुगडं नेसवलं, त्याला एका केसाच्या ब्रशने काठ काढला आणि खिडकीवर "महिला" असं लिहिलं. मामी भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "काठ बरा हाय. घरात असं लुगडं कधी आनलं नाई." त्यानंतर मात्र त्यांनी विमानाला नावं ठेवली नाहीत.

कॉकपिटपासून शेपटीपर्यंत मामांनी एक दोरा ओढून घेतला, बेलचा. पोटात जिथे बॉम्ब टांगायचे तिथे त्यांनी खऱ्या कापसाची चिमुकली गाठोडी रचली, कारण ती जागा लगेजची. पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर कळवळून म्हणाला, "बाबा, ते बॉम्बर आहे, बॉम्ब तरी लावा!" मामा म्हणाले, "आनि टाकाचे कोनावर? आपलं कोनाशी भांडन हाय का?"

मामींनी कूलरचं बटण उगाचच बंद करून पुन्हा चालू केलं. कारण भांडण होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते माझ्याच लग्नातलं होतं.

मामांचे थोरले भाऊ, आमचे मोठे मामा, एसटीत ड्रायव्हर होते. दोघं भाऊ कित्येक वर्षं एकाच गाडीवर होते. धाकट्याने दोन बेल मारल्या की थोरल्याने गाडी सोडायची, मागे वळून पाहायचं नाही. एवढा भरवसा मी नवरा-बायकोत पाहिलेला नाही. आमचं लग्न वर्ध्याजवळ माझ्या गावी होतं आणि यवतमाळहून मुलीकडचं वऱ्हाड भाड्याने घेतलेल्या एसटीने निघालं होतं, ड्रायव्हर दुसराच होता. नवरीला मंडपात आणायचा मान मामाचा, म्हणजे अर्थात मोठ्या मामांचा. कळंबच्या पुढे गाडी चहाला थांबली. मोठे मामा फेटा नीट बांधावा म्हणून टपरीच्या मागे आरशापाशी गेले. इकडे धाकट्या मामांनी सवयीने माणसं मोजली. बरोबर भरली. मारल्या दोन बेल. बरोबर भरली, कारण तेवढ्या वेळात कुठलासा एक म्हातारा वर्ध्याची एसटी समजून गाडीत चढून बसला होता. तो आमच्या लग्नात पोटभर जेवला. आमच्या लग्नाच्या फोटोत तो आहे, अगदी पुढच्या रांगेत. तेव्हा मोबाईल नव्हते. मुहूर्त टळायला आला तसा धाकट्या मामांनीच भाचीला हाताला धरून मंडपात आणलं. मोठे मामा एका ट्रकने पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. फेटा मात्र सुरेख बांधला होता. त्यांनी एकच विचारलं, "बेल कोनं मारली?" आणि न जेवता परत गेले. पुढे ड्युटी बदलून घेतली, रिटायर झाल्यावर फुलसावंगीला शेतावर राहायला गेले, आणि धाकट्या भावाशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. स्वतःला मान मिळावा म्हणून धाकट्याने मुद्दाम मागे सोडलं, अशी त्यांची समजूत. आणि धाकट्या मामांची गत अशी की तेव्हापासून ते कुठेही गेले, मयतीला गेले तरी, परत निघताना माणसं तीन-तीनदा मोजतात आणि प्रत्येकाचं तोंड पाहतात.

विमानाचं धड दोन उभ्या अर्धुकांत येतं. आतलं सगळं रंगवून झालं की ती एकमेकांना चिकटवायची. एकदा चिकटली की आत अंधार. मग फक्त काचेतून जेवढं दिसेल तेवढंच. मामांनी त्यासाठी दिवस ठरवला आणि सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "या, सोताले पाहून घ्या. मंग दिसनार नाई." लोक खरंच आले. मामींनी पाटोडीचा रस्सा केला. भिंग आणि टॉर्च हातोहात फिरत होते आणि रांगेत उभं राहून माणसं स्वतःचं दर्शन घेत होती. व्याहीसुद्धा आले, फक्त आपण पालथे आहोत तो भाग त्यांनी इतरांना दाखवला नाही.

मोठ्या मामांना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. ते म्हणाले, "त्याच्या गाडीत मी बसत नसतो. मंग ते इमान का असेना." मी निरोप सांगितला. मामांनी कात्री उचलली. त्यांनी आपल्या पांढऱ्या रुमालाचा नखाएवढा तुकडा कापला, चार घड्या घातल्या आणि चिमट्याने पुढच्या उजव्या सीटवर ठेवला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा. मुलगा कॉलवर ओरडत होता की मुख्य पायलट डावीकडे बसतो. "डावीकून ड्रायव्हर कोनत्या गाडीत बसते बे?" मामांनी विचारलं. डाव्या सीटवर त्यांनी स्वतःला बसवलं होतं, गळ्यात कंडक्टरची पिशवी घालून. म्हणजे नियमाने त्या विमानाचे कप्तान तेच होते, पण मुलाचं बोलणं त्यांनी कानावर घेतलं नाही आणि मीही अजून समजावलेलं नाही. कळलं तर उतरून जातील. त्यांनी धड चिकटवलं, दोऱ्या बांधून घट्ट केलं, आणि कॉकपिटवरची काच मात्र तशीच सुटी ठेवली.

दिवाळीनंतर मोठे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला आले आणि आमच्याकडे उतरले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, डोळ्यांवर काळा चष्मा चढला, आणि सकाळचा चहा पिता पिता ते एकदम म्हणाले, "चाल जवाई, त्याचा तो डबा पाहून येऊ. नवा डोया हाय, कायतरी पाह्यलंच पाह्यजे." मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. काळ्या चष्म्यात ते दारात उभे राहिले तेव्हा त्या घरात पायलटसारखा दिसणारा पहिला माणूस आला असं मला वाटलं. धाकटे मामा उठून उभे राहिले. दोघांचंही तोंड माझ्याकडे.

"रुमाल कोनाचा हाय, विचार त्याले," मोठे मामा काचेवर वाकून म्हणाले.

"जागा धरून ठेवली हाय म्हना," धाकटे मामा मला म्हणाले. त्यांनी कुंकवाची जुनी डबी उघडली. आत कापसावर एक माणूस निजवलेला होता, कधीचा तयार, डोक्याला केशरी फेटा. काच उचलून, रुमाल काढून, त्यांनी तो चिमट्याने उजव्या सीटवर बसवला.

मोठ्या मामांनी काळा चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. "स्टेरिंग लहान हाय," ते म्हणाले. मग पुन्हा वाकून, "फेटा बरोबर बांधला हाय."

अशा वेळी मी नेहमी करतो तसं काहीतरी कामाचं बोललो. म्हटलं, चला, आता काच चिकटवून टाका एकदाची.

"चिकटवू नोको," मोठे मामा म्हणाले, आणि हे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "पहिलेच सांगून ठेवतो. मी मधातच उतरत असतो."

"उतरजो नं दादा," धाकटे मामा म्हणाले. "गाडी थांबन."

मोठे मामा त्या दिवशी तिथेच जेवले. आता ते फुलसावंगीहून फारसे निघत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, आणि धाकट्या मामांनाही लांबचा प्रवास झेपत नाही. विमान दिवाणावरच आहे आणि काच अजून सुटीच आहे. पंखा जरा जोरात लावला की ती उडते, खाली पडते, आणि घरात असतील तेवढे सगळे ओणवे होऊन तिला शोधत बसतात. सापडली की मामा ती शर्टाच्या टोकाने पुसतात, आत डोकावून पुढची दोन माणसं मोजतात, आणि मग हलक्या हाताने परत ठेवून देतात.