चैतूचा बिल्ला

बल्लारपूरजवळच्या त्या खाणीत पाळीला जाणारा प्रत्येक माणूस आधी दिवाघराच्या खिडकीशी थांबायचा, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला आत सरकवायचा आणि टोपीवर लावायचा दिवा घ्यायचा. पाळी सुटली की दिवा परत, बिल्ला परत. खिडकीआड देवराव अलोणे बसलेला असे. दिवा हातात देताना तो एकच वाक्य म्हणे, "छत वाजवून पाह्यजा." ज्याला नुसता कोळसा भरायचा, त्यालाही तेच; ज्याला पंपावर बसायचं, त्यालाही तेच. नवे लोक हसत, म्हातारा सटकलेला आहे म्हणत. देवराव तेव्हा पुरता पंचेचाळीसचाही नव्हता. जुने लोक हसत नसत, पण का हसत नाहीत ते नव्यांना सांगतही नसत.

देवराव मूळचा खिडकीआडचा नव्हे. बारा वर्षं तो खाली रुळांवरून कोळशाचे टब ढकलायचा. एकोणऐंशी साली एक सुटलेला टब त्याच्या उजव्या पायावर आला, गुडघा वाकायचा कायमचा बंद झाला आणि त्याला वर दिवाघरात बसवण्यात आलं. लोक म्हणाले, सुटला लेकाचा, बसल्या जागी नोकरी, डोक्यावर पंखा. त्याला तो पंखा कधीच मानवला नाही. ज्यांच्यासोबत अंधारात डबा खाल्ला, तेच आता खिडकीतून हात घालून दिवा घेऊन जात आणि हा मागं राही. खाली कोणाची फजिती झाली, कोणी काय टोमणा मारला, हे सगळं त्याला पाळी सुटल्यावर शिळं होऊन कळे. त्याची बायको सत्यशीला त्याला विहारात नेई. तो वंदना म्हणे, घरी येई आणि पुन्हा भिंतीकडे पाहत बसे. अशी सात वर्षं गेली.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर गेस्ट हाऊसचा खानसामा भैयाजी एक खोका घेऊन आला. विलायतेहून यंत्र बसवायला आलेला एक तरुण फिटर मलेरियानं फणफणून महिन्याभरातच परत गेला होता, आणि हा खोका पलंगाखाली राहिला होता. "इंग्रजी तुलेच येते," भैयाजी म्हणाला. "पाह्य काय आहे ते. जुव्वा असन तं मले सांग."

देवराव मॅट्रिक होता. खोक्यात दोन पातळ पुस्तकं होती आणि सहा विचित्र फासे. एक चार अंगांचा, एक आठ, एक बारा, असं करत थेट वीस अंगांचा. पटही नव्हता आणि सोंगट्याही नव्हत्या. देवरावनं डिक्शनरी घेऊन रोज एक पान लावायला सुरुवात केली. महिनाभर त्याला काही कळेना. हरायचं कोणी, जिंकायचं कोणी, याचा पत्ताच नाही. मग एका संध्याकाळी लख्ख कळलं. हा खेळ नुसता बोलून खेळायचा. एकानं जागा सांगायची, बाकीच्यांनी त्या जागेत आपला एकेक माणूस घालायचा, तो काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. आणि जागा कोणती, तर जमिनीखालची. अंधारे बोगदे, एकामागून एक दालनं, आणि हातात दिवे घेऊन एका ओळीत उतरणारी माणसं. देवराव सत्यशीलेला म्हणाला, "अवो, हे तं खानच आहे." सात वर्षांत त्याचा आवाज असा तिनं ऐकला नव्हता.

रविवारी दुपारी क्वार्टरच्या व्हरांड्यात खेळ बसू लागला. भैयाजी आला, कारण खोका त्याचा. कोळसा भरणारा बिरजू आला. आणि मुखरू आला. मुखरू सिंदेवाहीकडच्या धानाच्या गावचा. खाणीत त्याचं काम छताचं. पाळीच्या आधी लोखंडी सब्बल घेऊन पुढे जायचं, छताला ठोके द्यायचे आणि कान लावायचा. टणक वाजलं तर लोकांनी आत यायचं. भद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला, तो पाडायचा किंवा खाली लाकडाचे थांबे लावायचे. देवराव खाली असताना दोघं एकाच पाळीत होते.

विलायती पुस्तकात लिहिलं होतं की माणसं तलवारी घेऊन बोगद्यात शिरतात. या तिघांनी आधी विचारलं, हवा कुठून येते? दुसरं तोंड आहे का? लाकूड किती न्यायचं? देवरावनं राक्षस उभा केला तेव्हा बिरजू म्हणाला, "राक्षसाचं मंग पाहू. पाण्याचा पंप कोनाजवळ आहे?" आणि उतरण्याआधी तोंडाशी बिल्ले द्यायचेच, हे कोणी न सांगता ठरलं. देवरावनं पुठ्ठ्याचे तीन बिल्ले कापले. बिरजूचा माणूस जंगी, म्हणजे लढवय्या, भैयाजीचा जादूगार, कारण लढाई त्याच्यानं होत नव्हती, आणि मुखरूचा चैतू. चैतू हे त्याच्या आजाचं नाव. आत जाताना बिल्ला देवरावकडे, बाहेर आल्यावर परत. पुस्तकात असलं काही नव्हतं. तो फिटर पाहता तर त्यानं कपाळाला हात लावला असता.

चैतू कुठेही शिरताना एकच बोले, "मी पयले छत वाजवतो." आणि मुखरू मान तिरकी करून थांबे, जणू खरंच ऐकतोय. देवरावला त्याचं भारी कौतुक वाटलं. त्यानं वहीत स्वतःचा नियम लिहिला: वीस अंगांचा फासा टाकायचा, एक ते चार पडलं तर छत पोकळ. पुढं उभ्या केलेल्या पुठ्ठ्याआड तो फासा टाके आणि सांगे, "टनक आहे, या," किंवा "भद्द वाजते." मग चैतू थांबे लावी. दिवसभर खाणीत आणि रविवारीही खाणीत, म्हणून सत्यशीला बोलायची, पण चहा मात्र चारदा करायची. घरात माणसं बोलत होती, नवरा हसत होता. देवराव आता खाली जाणाऱ्यांतला एक होता, आठवड्यातून एकदा का होईना, आणि त्या एका दुपारीवर तो उरलेले सहा दिवस काढू लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण माणसाला आपल्या हातचं काम दाखवायची घाई होते. देवरावनं दोन महिने खपून अठरावं दालन रचलं होतं. सगळ्यात तळाचं, नदीएवढं पाणी, पाण्यात बुडालेलं गाव, गावात अजून बोलणारी माणसं. ते त्यानं रात्रपाळीच्या उजेडात वहीत काढलं होतं, आणि कधी एकदा हे तिघे तिथं पोचतात असं त्याला झालं होतं. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते दाराशी पोचले. चैतूनं सब्बल उचलली. बिरजू कंटाळून म्हणाला, "आता हे अर्धा घंटा ठोकन." भैयाजीला गेस्ट हाऊसला परतायचं होतं. ऊन व्हरांड्यातून निघून गेलं होतं.

"मुखरू, छत पक्कं आहे," देवराव म्हणाला. "नको वाजवू. मीच सांगून राह्यलो ना."

त्यानं फासा टाकलाच नव्हता. तो हातातच होता.

मुखरूनं त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हनते तं पक्कं," तो म्हणाला, आणि चैतूनं सब्बल खाली ठेवली.

त्या दिवशी खेळ असा रंगला की भैयाजी स्वयंपाकाला उशिरा पोचला. पुढच्या रविवारीही ते त्याच दालनात होते, आणि तिसऱ्याही. मुखरूनं आता सब्बलचं नाव सोडलं होतं. तो फक्त विचारी, "देवराव, छत पक्कं आहे नं?" आणि देवराव मान हलवी. खेळ भराभर चालू लागला, सगळ्यांना बरं वाटलं. देवरावलाही वाटलं, ते कशाला लपवा.

त्यानंतरच्या गुरुवारी पहिल्या पाळीत खाली छत बसलं. भोंगा अवेळी वाजला. देवराव खिडकीशी उभा राहून येणारे दिवे घेत होता. बिरजूचा दिवा आला. बिरजूच्या तोंडावर कोळसा होता आणि कोळशावर दोन ओल्या रेघा. शेवटी भिंतीवर एकच बिल्ला उरला, मुखरूचा, दोनशे बारा. त्या नंबराचा दिवा कोणी आणून दिला नाही. देवरावनं तो बिल्ला खिळ्यावरून काढला नाही, दुसऱ्या कोणाला काढूही दिला नाही. दुपारनंतर एक माणूस आला आणि हळूच म्हणाला, "काढा आता, देवरावभाऊ."

चौकशी झाली. कागद भरले गेले. लोक म्हणत, पंधरा वर्षांचा हात होता मुखरूचा, त्याला छत कसं कळलं नाही? कोणी म्हणे, वाजवलं असेल, कधीकधी थर टणक वाजूनही येतो. हे खरंही होतं. खाणीत असं होतं. पण देवरावच्या छातीत एक प्रश्न जाऊन बसला आणि तिथून हलेना. त्या दिवशी मुखरूनं वाजवलं होतं का? खेळात सोडलेली सवय पाळीतही सुटली होती का? त्याचं जेवण तुटलं. दिवे देताना नंबर चुकू लागले. आठव्या दिवशी तो बिरजूच्या खोलीवर गेला, लंगडत, काठी न घेता.

"बिरजू, तू त्याच्या मागं होता. वाजवलं होतं का त्यानं?"

बिरजू विडी चोळू लागला. "मले नाई मालूम," तो म्हणाला. "मी टबाकडे होतो. आवाज झाला तवा मी वळलो." मग तो म्हणाला, "देवरावभाऊ, हे मले परत नका विचारू." त्यानं खरं सांगितलं की दया केली, हे देवरावला कधी कळलं नाही. बिरजू पुन्हा व्हरांड्यात आला नाही आणि महिन्याभरात दुसऱ्या खाणीत बदलून गेला. भैयाजीही यायचा थांबला. खोका पलंगाखाली गेला, जिथून आला होता तशाच जागी.

तेरवी झाल्यावर मुखरूची बायको वच्छला क्वार्टर रिकामं करायला गावाहून परत आली. सामान बैलगाडीत चढवून झालं तेव्हा ती देवरावच्या व्हरांड्यात आली. रविवारच होता. सत्यशीलेनं तिला जवळ घेतलं, पण ती रडली नाही. खाली बसली आणि देवरावला म्हणाली, "भाऊजी, तो चैतू अजून खालीच आहे नं?"

देवरावनं हो म्हटलं.

"घरी येऊन सारं सांगत जाय मले," वच्छला म्हणाली. "आज इथी गेलो, आज तिथी गेलो. पान्यातलं गाव पाह्यलं म्हने. त्याचा बिल्ला तुमच्याच जवळ आहे. माहा मानूस तं वर आला नाई. त्या दुसऱ्याले तरी काढून द्या."

सत्यशीला उठली आणि तिनंच खोका बाहेर काढला. देवरावनं वही उघडली, पुठ्ठा उभा केला. खेळ कसा खेळायचा हे वच्छलेला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "मी पयले छत वाजवते." आणि तिनं बोटांच्या पेरांनी फरशीवर तीन ठोके दिले, नवऱ्यासारखीच मान तिरकी करून थांबली.

देवरावनं पुठ्ठ्याआड फासा टाकला. अठराव्या दालनाच्या छतासाठी तो पहिल्यांदाच पडत होता. दोन.

पुठ्ठा मध्ये होता, वच्छलेला फासा दिसत नव्हता. टणक आहे म्हटलं असतं तर कोण पाहणार होतं? एकदा म्हटलंच होतं. हा फासा आहे, प्लास्टिकचा आहे, त्याला काय कळतं, हे सगळं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं, आणि तरी त्याला टणक म्हणवेना.

"काय वाजते, भाऊजी?"

"भद्द वाजते," देवराव म्हणाला. "पोकळ आहे, बाई."

वच्छलेनं मान हलवली. "मंग कडेकडेनं जाते. थांबे लावत जाते."

मग एकेक दालन. सतरा वेळा तिनं फरशी वाजवली, सतरा वेळा देवरावनं फासा टाकला आणि पडलं ते खरं सांगितलं. तीन ठिकाणी पोकळ निघालं. तिथं ती थांबली, लाकूड लावलं, बिरजूच्या जंगीला आणि भैयाजीच्या जादूगारालाही हाताला धरून पुढं काढलं. बाहेर गाडीवाला दोनदा हाका मारून गेला. सत्यशीला दाराला टेकून उभी होती, आणि तिनं कधी डोळ्यांना पदर लावला ते दोघांनाही दिसलं नाही.

"तोंडाशी आला," देवराव शेवटी म्हणाला. "उजेड दिसते."

"आला वर?"

"आला."

त्यानं खोक्यातून पुठ्ठ्याचा बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. वच्छलेनं तो लुगड्याच्या ओच्यात खोचला. उठली, दोघांनाही हात जोडले. पायरीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असतं तसं तिनं विचारलं.

"भाऊजी, त्या दिवशी तुमी त्याले नको वाजवू काऊन म्हटलं होतं? घरी येऊन सांगितलं त्यानं. हासत होता."

देवरावनं मध्ये उभा असलेला पुठ्ठा आडवा केला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या पाळीचा पहिला माणूस खिडकीशी आला, बिल्ला आत सरकवला, आणि देवरावनं त्याला दिवा दिला, पण हातातला दिवा लगेच सोडला नाही.

"छत वाजवून पाह्यजा," तो म्हणाला.