फोटोतली काळी पट्टी

चांगला केस रिपोर्ट लिहायचा म्हणजे माणूस वगळून आजार तेवढा शिल्लक ठेवायचा, असं आमचे विभागप्रमुख शिकवत. नाव नको, गल्ली नको, रडणं तर नकोच. हैदराबादेत तेव्हा हॉटेलांसारखी चकचकीत खासगी इस्पितळं उघडत होती आणि तिथं शिरायला नावावर छापलेला लेख लागे. त्यामुळे आम्ही सगळे दुर्मिळ आजारांच्या मागे हात धुऊन लागलो होतो. मला ‘ती’ मिळाली. मिळाली, असंच म्हणायचो आम्ही. किळस येते आता त्या शब्दाची.

गौलीगुड्यातली बाई, आमच्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली. चेहऱ्याची कातडी आवळत चाललेली आणि आजार फुप्फुसापर्यंत पोचलेला. लेखासाठी फोटो काढायचा म्हटल्यावर ती जरीची साडी नेसून, गजरा माळून आली.

“नीट काढा हां साब. घरात माझा एक धड फोटो नाही.”

गजरा काढायला लावला. छापताना ओळख लपवायची म्हणून नियमाप्रमाणे डोळ्यांवर काळी पट्टी आली. लेखाच्या शेवटच्या दुरुस्तीपर्यंत ती बाई वारली होती. तिचं मरण मी अर्ध्या वाक्यात बसवलं. सर म्हणाले, “नेटकं झालंय.”

नंतर तिचा नवरा ओपीडीत आला. हार घालायला फोटो हवा होता. लग्नाच्या फोटोत तिनं मान खाली घातलेली. आमच्या फोटोच्या निगेटिव्ह सरांनी नव्या इस्पितळात जाताना कुठं टाकल्या, त्यांनाच ठाऊक नव्हतं. शेवटी माझ्याकडचं मासिकच त्याच्यापुढं ठेवलं. तो पट्टीवरून बोट फिरवत राहिला.

“ही पट्टी निघते का हो, साब?”

“नाही निघत.”

मासिक पिशवीत घालून तो गेला. माझ्या शिक्षणाचा मला इतका वीट कधीच आला नव्हता.

पुढं एकदा त्या गल्लीत गेलो, तर त्यानं हाताला धरून घरात नेलं. भिंतीवर तिचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. पट्टी नव्हती. डोळे टपोरे, हसरे. मी बघतच राहिलो.

“आबिड्सच्या स्टुडिओवाल्यानं बसवून दिले,” तो म्हणाला. “तिच्या बहिणीचे आहेत, साब. रोज हेच बघू बघू तिचे कसे होते, ते विसरायलो की मी.”