पतिराम गुरुजींची खुर्ची

खुशाल मास्तरने पतिराम गुरुजींना पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याची खात्री झाली, की बेहडाटोल्याच्या शाळेत सहा हातांचा माणूस नेमला आहे. एका हातात टपालाची थैली, दुसऱ्यात माजलेल्या गोऱ्ह्याचा दोर, तिसऱ्यात छडी, चौथ्यात कोंडवाड्याची किल्ली. पाचव्याने ते पहिलीतल्या एकाचे नाक पुसत होते आणि सहाव्याने नव्या मास्तराला, म्हणजे खुशाललाच, नमस्कार करत होते. गोऱ्हा त्यांना अंगणभर ओढत होता, ते ओढले जात साताचा पाढा म्हणवून घेत होते, आणि सत्तर पोरे त्या ठेक्यावर गोऱ्ह्याला जोर देत होती. खुशाल नागपूरहून अध्यापनाचे शास्त्र शिकून आला होता. त्या शास्त्रात गोऱ्हा नव्हता.

ही १९५३ च्या जुलैतली गोष्ट. नागझिऱ्याच्या जंगलाला टेकून असलेल्या या गावात गुरुजी एकोणीस वर्षे एकट्याने चार वर्ग शिकवत होते. शिवाय टपाल त्यांचे, कोंडवाडा त्यांचा, शिरगणती त्यांची, आणि देवी टोचणारा आला की झाडावर चढलेली पोरे उतरवून आणायचे कामही त्यांचेच. पगार पंचावन्न रुपये, आणि तो मजल दरमजल करत गावी पोहोचेपर्यंत त्याच्यामागून निघालेला पुढचा पगार त्याला गाठायचा. पण मान म्हणाल तर गुरुजींसारखा मान कुणाला नव्हता. रस्त्याने गेले तर म्हातारेकोतारे उठून उभे राहत.

खुशालला खरा धक्का बसला दुसऱ्या दिवशी, तो बसायला गेला तेव्हा. शाळेत खुर्चीच नव्हती.

पूर्वी होती, असे कळले. ती गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, केवलरामजींची. तिच्यावर मालगुजार बसत, पटवारी बसे, इन्स्पेक्टर बसत. लग्नसराईत नवरदेवही बसून जाई. गुरुजी बाजूला उभे असत. दोन वर्षांपूर्वी सरकारने मालगुजारी काढून घेतली, तेव्हा केवलरामजींनी गडी पाठवून खुर्ची परत नेली. एवढे गाव गेले, निदान खुर्ची तरी राहू द्या, म्हणाले. ती शाळेत होती त्या सतरा वर्षांत गुरुजी तिच्यावर एकदाही बसले नव्हते.

"एकदाही?" खुशालने विचारले.

"पुसत होतो ना रोज," गुरुजी म्हणाले.

त्यांचे गुडघे जुन्या दारासारखे वाजत. बारदानावर बसले की उठताना दोन पोरे लागत, म्हणून ते बसतच नसत. खुशालने ही गोष्ट सुतार दुधरामला सांगितली आणि दुधराम असा हादरला, जणू गावात वाघ येऊन एकोणीस वर्षे झाली आणि कुणी पाहिलाच नव्हता. तो गुरुजींच्या हातचा चौथी पास. त्याने संध्याकाळी गाव जमवले. आपण सगळे शिकलो आणि गुरुजी उभेच राहिले, हे ऐकून सगळ्यांनी माना खाली घातल्या. खुर्ची करायची ठरली. सागाची, दोन हातांची, पाठीला कमळ कोरलेली.

झाड तोडायचे तर या गावात पिढ्यानपिढ्या एकच रीत होती: मालगुजाराला विचारायचे. दुधराम चार माणसे घेऊन वाड्यावर गेला. दोन वर्षांत केवलरामजींकडे कुणी काही मागायला आले नव्हते. एक कशाला, दोन तोडा, म्हणाले, आणि वर चहा पाजला. जंगल आता त्यांचे नाही, सरकारचे आहे, हे मागणाऱ्यांच्या ध्यानात नव्हते आणि देणाऱ्याच्याही.

त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. पोळ्यानंतरच्या सोमवारी खुर्चीला हळदकुंकू वाहून, डफडे वाजवत तिची मिरवणूक निघाली, आणि ती जंगल नाक्यावरूनच आली, कारण तो रस्ता रुंद होता. नाक्यावरचा गार्ड छोटेलाल डफड्याच्या मागे मागे शाळेत आला. खुर्ची खाली ठेवली गेली आणि त्याने तिच्यावर हात ठेवला.

"मालगुजाराले इचारून तोडलं जी," दुधराम म्हणाला. "त्यायनं दोन हातानं देल्लं."

"जंगल सरकार का हो गया, भाई. मालगुजाराले काऊन इचारलं?"

डफडे थांबले. दुधरामच्या घरी तीन लेकरे, आणि सागाच्या चोरीला जेल होती.

छोटेलालला पंचनामा करायचा होता, पण त्याची लेखणी सहीपुरतीच चाले. गावातले सगळे पंचनामे जो लिहीत आला होता त्याच्याकडेच तो वळला.

"लिख दो, मास्टरजी."

"लिहितो," गुरुजी म्हणाले. "पण बसून लिहावं लागेल. उभ्यानं अक्षर चांगलं येत नाही मले."

आणि ते बसले. पाठ कमळाला लागली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले, गुडघे एकदा वाजून गप्प झाले. एकोणीस वर्षे फळ्यावर उभ्याने सुंदर अक्षर काढणारा हा माणूस खोटे बोलतो आहे, हे सत्तर पोरांना कळले आणि एकही हसले नाही. सात ओळींच्या पंचनाम्याला त्यांनी तासभर लावला. छोटेलाल तीनदा खाकरला. गुरुजींनी प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी कोरून काढली.

मग त्यांनी तो वाचून दाखवला. सागवानी खुर्ची नग एक, पाठीस कमळ. सदरहू झाड मी, पतिराम, शिक्षक, याने स्वतःच्या वापराकरिता तोडविले. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

दुधराम पुढे सरसावला, तेव्हा गुरुजींनी चौथीच्या वर्गात दाखवत तसे बोट दाखवले.

"बस खाली, दुधराम."

दुधराम जमिनीवर बसला. गुरुजींनी सही केली, दोन पोरांचा आधार न घेता उठले आणि धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसून छोटेलालच्या हवाली केली.

जेलची पाळी आली नाही, पण शिक्षणखात्याच्या वरच्या कचेरीने गुरुजींकडून खुलासा मागवला आणि दोन वर्षांची वेतनवाढ रोखली. ते १९५८ साली निवृत्त झाले, उभ्यानेच. खुर्ची जंगलखात्याच्या रेंज कचेरीत जमा झाली. तिथल्या साहेबांना कमळ पाठीला टोचे, म्हणून तिच्यावर पाण्याचा माठ ठेवतात.