आमच्या घरात कुणाला दमा नाय

माझा दमा आमच्या घरात चोरासारखा राहायचा. पोरीला असला आजार आहे कळलं की स्थळ दारात फिरकत नाही, म्हणून बाबा मला जवळच्या पेणच्या दवाखान्यात कधी नेत नसत. गाडीनं रोह्याला जायचं, तिथून पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या डॉक्टरकडं. वाटेत कासू स्टेशनात कुणी ओळखीचं चढलंच तर बाबा सांगायचे, "पाहुण्यांकडं चाललोय." कसले डोंबलाचे पाहुणे!

डॉक्टर मात्र भला माणूस. त्यानं तोंडानं ओढायचा पंप दिला आणि त्याच्या जोरावर मी धावले. आधी बाबा राबायचे त्या मिठागराच्या बांधावर, मग जिल्ह्याला, मग राज्याला. देशपातळीवरच्या शर्यतीला निवड झाली तेव्हा त्यानं दाखला लिहून बजावलं, "या औषधाला खेळात बंदी हाय. दम्यासाठी घेतेस हे आधी कळवलंस तर चालतं." दाखला बाबांनी ठेवून घेतला. "मी पोचवतो," म्हणाले. तो त्यांनी फाडून टाकला, हे मला फार उशिरा कळलं.

शर्यतीनंतर लघवी तपासली, त्यात औषध सापडलं. मुंबईला चौकशीला बोलावलं, बाबा सोबत आले. मी सगळं खरं सांगितलं. साहेब तसे मवाळ होते. त्यांनी बाबांकडं वळून विचारलं, "मुलीला दमा आहे ना?"

माझा जीव बाबांच्या एका 'हो'मध्ये अडकला होता. बाबा हात जोडून उभे राहिले.

"नाय साहेब. आमच्या घरात कुणाला दमा नाय."

डॉक्टरनं मागाहून पत्र धाडलं, पण सख्खा बाप नाही म्हणतोय म्हटल्यावर ते कोण खरं मानणार? बंदी आली. माझं धावणं तिथंच मेलं.

चौकशीच्या दिवशी कचेरीचा जिना उतरताना मला धाप लागली, छाती शिट्टी वाजवायला लागली. बाबांनी घाईघाईनं मागंपुढं पाहिलं आणि मिठानं चिरलेला तळहात माझ्या तोंडावर दाबला. "गप गो बाय," ते म्हणाले, "कुणी ऐकंल." मला त्यांचा संताप आला, आणि त्यांचे डोळे भरलेले पाहून रडूही आलं.

लग्नानंतर भीतभीत नवऱ्याला सांगितलं. तो म्हणतो कसा, "एवढंच व्हय? अगो, आमच्या आयेला पण हाय की!"

मी खो खो हसत सुटले. हसता हसता धाप लागली आणि माझाच हात माझ्या तोंडावर घट्ट बसला. नवरा तो ओढून काढायला बघत होता, पण निघेना.