लारीतली गाणारी बाई

हे मी सांगतोय ते मोताळ्यात जाऊन कुणाला विचारू नका. तिथं निराळंच ऐकायला मिळेल, आणि सांगणारा आधी पोट धरून हसेल. त्यापेक्षा चहा निवायच्या आत माझ्याच तोंडून ऐका. गाढवपणा माझा, तेव्हा सांगायचा पहिला हक्कही माझाच, नाही का?

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपुराहून यायचे आणि कापूस मलकापूरच्या स्टेशनातून जायचा. चिखलीत माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. फोनोही दुरुस्त करायचो. फोनो म्हणजे तो चावी देऊन तबकडीवर सुई ठेवली की गाणारा बाजा, पितळी कर्ण्याचा. लग्न नुकतंच झालेलं. बायको यमुना मोताळ्याची, तिथल्या मास्तरांची मुलगी. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि माझ्या डोक्यात कल्पना फार, असे ते दिवस.

आमच्या ओळखीचा एक किसनभाऊ होता. चिखलीच्या प्रेसमधून कापसाच्या गाठी लारीत भरायच्या, बुलडाण्यावरून राजूरचा घाट उतरायचा, मोताळं ओलांडून मलकापूर गाठायचं, हे त्याचं काम. घर मोताळ्यातच. एक दिवस तो दुकानात आला, बाकावर टेकला, आणि मी ‘काय किसनभाऊ’ म्हणेपर्यंत बसल्या बसल्या घोरायला लागला.

मी हलवून जागं केलं. “तब्येत बरी नाही का?”

“तब्येतीले काय धाड भरली? डोकं हाये ना, थे दिवसभर दळून राह्यलं माह्यं. इंजिनचा आवाज थांबतच नाई कानातला. काल घाटात भर दुपारी डोळा लागला, वासुदेवभाऊ. चाक पार कठड्याले जाऊन भिडलं.”

“अरे बापरे!”

“घरी गेलो की सखू काहीबाही बोलते, अन् मले इंजिनच आयकू येते. मंग मी खेकसतो. मंग ते रडते. काय करू, सांगा?”

आता शहाण्या माणसानं काय सांगितलं असतं? चार दिवस घरी बस, झोप काढ. मी काय सांगितलं?

“किसनभाऊ, तुमचा थकवा अंगाचा नाहीच. कानाचा आहे! कानात गाणं पडलं की इंजिन पडेल बाहेर. तुमच्या लारीत मी फोनो बसवतो.”

किसनभाऊ माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक नाही म्हणणार होता, पण तेवढ्यात त्याला जांभई आली. मी तो होकार धरला.

कामाला लागलो. बाजा आधी सीटवर ठेवून पाहिला. पहिल्याच खड्ड्याला सुईनं उडी मारली आणि तबकडीवरची गाणारी बाई एका ओळीतून थेट तिसऱ्या कडव्यात गेली. मग कापसाच्या पोत्यावर ठेवला. पोतं रुतलं, बाई आडवी झाली. शेवटी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि लारीच्या छताला पाळण्यासारखा बाजा टांगला. खड्डा आला की पाळणा झुलायचा, सुई जागची हलायची नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू! फक्त पाळणा फार झुलू नये म्हणून कुणीतरी तो दोन्ही हातांनी धरून बसायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

राहता राहिला कर्णा. तो आत मावेना. आत वळवला तर किसनभाऊच्या कानशिलात रुतायचा. मग मी त्याचं तोंड खिडकीबाहेर काढलं. आवाज फिरून आत येईल, असा माझा हिशेब. हसू नका, तेव्हा तो मला पटला होता.

आणि धूळ? खडीची सडक, बैलगाड्यांची रांग. तबकडीवर बोटभर धूळ बसली असती. त्याला झाकण म्हणून मी यमुनाचं हिरवं लुगडं घेतलं, लाल काठाचं. दिवाळीला सासऱ्यांनी दिलेलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, मग विचारण्यात काय अर्थ?

तर सकाळी निघालो. मागे गाठी, चाकावर किसनभाऊ, शेजारी मी. मांडीवर पाळणा, आणि पाळण्यावरून, कर्ण्यावरून, माझ्या डोक्यावरून असं सगळं मिळून ते लुगडं. तबकडी एका बाईची होती, हिंदी गाण्याची. दुसरी होती ती कीर्तनाची. ती लावली असती तर ड्रायव्हर जागा राहील याची मी खात्री देत नव्हतो.

“कसं वाटतंय?” मी लुगड्यातून ओरडलो.

“काय कसं?”

“गाणं!”

“कोनतं गानं? मले तं काहीच आयकू येऊन नाई राह्यलं!”

“धीर धरा. आवाज फिरून येतोय.”

आवाज फिरून काही आला नाही. तो सगळा सडकेवर सांडत होता. शेतातली माणसं माना वर करून बघत होती, बैल बुजत होते. मी मात्र किसनभाऊला ध्वनी कसा चालतो, पाण्यातल्या लाटेसारखा कसा परततो, हे समजावत होतो. घाट उतरलो तरी माझं समजावणं संपलं नव्हतं.

मोताळ्यात त्या दिवशी बाजार भरला होता. गुरं, गाड्या, मिरच्यांचे ढीग, माणसांची ही गर्दी. लारी मुंगीसारखी चालली, आणि ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं. किसनभाऊ हँडल मारायला खाली उतरला. इंजिनचा आवाज गेला आणि बाईचा आवाज असा काही मोकळा झाला, की अख्खा बाजार गप्प! त्यातच तबकडी संपत आली. तेव्हाच्या काही तबकड्यांवर गाणं संपलं की गाणारीण आपलं नाव सांगायची. आमच्या बाईनंही लारीच्या खिडकीतून सगळ्या मोताळ्याला खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं.

मी लुगड्याच्या आत. बाहेर लोक जमलेत एवढं कळत होतं. मला वाटलं, माझं यंत्र बघायला जमलेत! हात तर अडकलेले, म्हणून मी आतूनच मान लववून सगळ्यांना नमस्कार केला.

“लाजली बे, लाजली!” कुणीतरी म्हणालं.

“कोन हाये ही, किसनभाऊ?” दुसऱ्यानं विचारलं.

किसनभाऊ घामाघूम होऊन हँडल फिरवत होता. विचारणारा तबकडीबद्दल बोलतोय असं समजून म्हणाला, “आपल्या चिखलीच्या वासुदेवभाऊची हाये. दोन दिसासाठी आनली!”

इंजिन सुरू झालं, आम्ही गेलो.

आमच्यामागे काय झालं ते मला पुढे सासूबाईंकडून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्या गर्दीत वांगी निवडत माझे सासरे उभे होते. गावातले मानाचे मास्तर, आवाज चढवायचा नाही, कुणाला अरेतुरे करायचं नाही. त्यांनी ते हिरवं लुगडं ओळखलं. त्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बघितली. आणि किसनभाऊचं उत्तर तर कानांनी ऐकलं, ‘वासुदेवभाऊची’!

म्हणजे कोण झाली? त्यांची यमुना! भर बाजारात हिंदी गाणं म्हणते, वर खोटंच नाव सांगते. मास्तर वांगी तिथंच टाकून घरी आले आणि पाणी मागून बसून राहिले.

तेवढ्यात दारात सखूवहिनी उभी, किसनभाऊची बायको. तिच्यापर्यंत बातमी पोचेतो लारीतल्या बाईच्या नाकात नथ आणि पायात चाळ आले होते.

“गुरुजी, आमच्या ह्याइनं बाई आनली! मी म्हनूनच म्हनो, घरी आले की बोलत काऊन नाई! तुमी तरी समजावून सांगा त्याइले.”

मास्तर घसा खाकरून म्हणाले, “सखूबाई, एकदम वाईट मनात आणू नये. बाई... चांगल्या घरची असेल.”

“चांगल्या घरची? बाजारात गानं म्हनून राह्यली, अन् चांगल्या घरची?”

“तिची काही अडचण असेल.”

“तिची कायची अडचन? अडचन तं माही झाली!”

सखूवहिनी रडत होती आणि तिच्यापेक्षा मास्तरांचा चेहरा पडला होता. सासूबाई म्हणतात, चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

इकडे आम्ही मलकापूरला गाठी उतरवल्या, भाकर खाल्ली आणि परत फिरलो. माझे दंड भरून आले होते, म्हणून बाजा बंद ठेवला. लुगडं तोंडावरून ओढून घेतलं, पाळणा पोटाशी धरला आणि, खोटं कशाला बोलू, ड्रायव्हरला जागं ठेवणारा मी गाढ झोपलो.

जाग आली ती लारी गचकन थांबली तेव्हा. मोताळं आलं होतं. सडकेच्या मधोमध सखूवहिनी उभी. किसनभाऊ विचारतोय, “काय झालं वं?” आणि ती त्याच्याकडे न बघता सरळ माझ्या बाजूला आली. पण तिच्याआधी खिडकीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. अगदी हळू आवाज, भरून आलेला.

“यमे, खाली उतर बाळ. मी काही बोलणार नाही. तुला तिकडे काही त्रास असेल तर सांग. घर तुझंच आहे.”

अहो, अर्धवट झोपेत वाटलं, कुणाचा तरी बाप कुणाला तरी किती मायेनं समजावतोय! इतक्यात सखूवहिनीनं दुसरीकडून पदर धरला. “उतर खाली, सटवे! पाहू दे तुही सूरत!”

आणि जोरात ओढला.

लुगड्यातून माझं तोंड बाहेर आलं. चार दिवसांची दाढी, पिळदार मिशा, झोपेनं लाल डोळे. समोर सासरे.

मी म्हणालो, “मामा, नमस्कार.”

काय म्हणायला हवं होतं, तुम्हीच सांगा! गडबडीत माझा कोपर बाजाच्या खटक्याला लागला, तबकडी फिरली, आणि माझ्या पोटाशी बाई पुन्हा गायला लागली.

सखूवहिनी आधी दोन पावलं मागे सरली. मग तिनं वाकून कर्ण्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, किसनभाऊकडे पाहिलं, आणि सडकेवरच फतकल मारून हसायला लागली. किसनभाऊ चाकावर डोकं ठेवून हसत होता. हसताना भोंगा दाबला जात होता, तेही त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात बाजार सगळा गोळा.

मास्तर लारीच्या पायरीवर टेकले. एक लांब श्वास सोडला. मुलीची काळजी गेली होती. मग जावयाची सुरू झाली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “हे लुगडं मी माझ्या मुलीला दिलं होतं.”

“हो मामा.”

“तुम्ही ते घेऊन माझ्या गावच्या बाजारातून गात गेलात?”

“मी नाही मामा, ती बाई.”

“कोणती बाई?” असं ते म्हणाले आणि मग हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. उत्तर ऐकायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

वाटलं, प्रकरण मिटलं. मोताळ्याच्या बाजारात कुठलं प्रकरण मिटतं? गावोगाव नवी बातमी गेली, की मास्तरांचे जावई लुगडं नेसून बाईच्या आवाजात गातात. महिनाभरात एका नाटक मंडळीचे मालक दुकान शोधत आले. त्यांचा नायिकेचं काम करणारा नट पळून गेला होता. मी खूप समजावलं, तरी म्हणाले, एक ओळ म्हणून तर दाखवा. म्हटली. ते उठले, चपला घातल्या आणि चहासुद्धा न घेता गेले.

त्या बाजाराहून परतल्यावर यमुना चार दिवस माझ्याशी बोलली नाही. लुगड्याला इंजिनचं तेल लागलं होतं आणि पदराला ट्यूबचे काळे पट्टे पडले होते. पाचव्या दिवशी किसनभाऊ आला. चेहरा टवटवीत! म्हणाला, “वासुदेवभाऊ, उद्या मलकापूरले चाला. त्या दिवशी डोळा लागला नाई, डोकं दुखलं नाई. घरी गेलो तं सखू अन् मी किती वेळ बोलत बसलो. तुमचा इलाज लागू पडला!”

माझी छाती ही एवढी फुगली. आतल्या खोलीकडे बघून मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “मी सांगत नव्हतो? यंत्राची ताकद! थांबा, बाजा आणतो.”

“नाई नाई, बाजा राहू द्या,” किसनभाऊ घाईनं म्हणाला. “मले कुठी आयकू आला थो? तुमी नुसते बाजूले बसा. थे लाटा अन् पानी, तुमचं चालूच होतं ना घाटभर. त्याच्यात मानसाले झोप येनं शक्यच नाई!”

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून यमुनाचा आवाज आला. चार दिवसांत पहिल्यांदा.

“न्या हो किसनभाऊ, खुशाल न्या. ह्यांना तर चावीही द्यावी लागत नाही.”