फडक्याची दुहेरी गाठ

मित्रहो, आज सकाळी मातीच्या पुतळ्यावरच्या ओल्या फडक्याची गाठ पाहिली आणि माझं सगळं बदललं.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी पुतळ्यांच्या कारखान्यात आहे. सध्या नेरच्या एका दिवंगत गुरुजींचा ब्राँझचा पुतळा चालू आहे. आधी मातीत चेहरा जमवायचा, मग साचा, मग ओतकाम. चेहरा जुळतो का ते बघायला त्यांची मुलगी पल्लवी रोज येते. ती समोर बसली की माझा जीव मातीत राहत नाही.

माती वाळू नये म्हणून मी फडकं सरकगाठीनं बांधतो. आज दुहेरी गाठ! सोडून पाहतो तर गुरुजींचं हसू गायब. हे काम माझ्या जोडीदार कारागिराचं, सूरजचंच. तोही पल्लवीवर डोळा ठेवून आहे. धरली कॉलर.

"अबे, मले कायले धरतं? तिले विचार!"

पल्लवी मागेच उभी होती. "सकाळी तुह्या आधी येऊन मीच पुसलं अन् फडकं बांधलं. बाबा असे हासत नव्हते. हे तं तुहं हसू हाय! ब्राँझ झाल्यावर शाळेत जनमभर तूच हासत राह्यला असता."

सूरज खिदळला.

आता तुम्हीच सांगा, माझं हसू तिला इतकं पाठ कसं? की हे हसू माझं आहे, हे सूरजनंच तिला दाखवून दिलं? सूरजचं खिदळणं ऐकवेना, म्हणून बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.